खाडीतला गाळ आणि शिंपले: औद्योगिक प्रदूषणाची पाहणी कशी करावी

महाडजवळ सावित्रीत, रोह्याजवळ कुंडलिकेत किंवा दाभोळच्या खाडीत मासे मरून तरंगू लागले की पहिली मागणी होते ती पाणी तपासण्याची. अधिकारी येतात आणि बाटल्या भरून नेतात, पण तोवर दोन-तीन भरत्या-ओहोट्या होऊन गेलेल्या असतात आणि ज्या पाण्याने मासे मारले ते समुद्रात पोचलेले असते. पाण्याचा नमुना ज्या घटकेला घेतला त्या घटकेचीच माहिती देतो. शिसे, पारा, कॅडमियम यांसारखे धातू आणि तेलातले जड घटक मात्र पाण्यात फार काळ विरघळलेले राहत नाहीत. ते मातीच्या बारीक कणांना चिकटतात, खाऱ्या पाण्याशी गाठ पडताच त्या कणांचे पुंजके होतात आणि ते तळाशी बसतात. म्हणून खाडीची खरी हकीकत गाळात शोधावी लागते. शिंपल्यांचे काम वेगळे आहे. तिसऱ्या (वाळूत राहणारे छोटे शिंपले), कालवे, हिरवे शिंपले एका जागी राहून दिवसभर पाणी गाळतात आणि त्यातले जे शरीरात शिरू शकते तेच साठवतात. गाळ वर्षानुवर्षांचे सांगतो, शिंपला मागच्या काही आठवड्यांचे ते महिन्यांचे. शिवाय गाळातले किती विष सजीवापर्यंत पोचते, याचा अंदाजही शिंपल्यावरूनच येतो.

ही पद्धत नवी नाही. अमेरिकन शास्त्रज्ञ एडवर्ड गोल्डबर्ग यांनी १९७५ मध्ये शिंपल्यांना किनाऱ्याचे पहारेकरी करण्याची कल्पना मांडली आणि १९८६ पासून अमेरिकेच्या किनाऱ्यांवर ती राष्ट्रीय कार्यक्रम म्हणून राबवली जात आहे. जपानमधल्या मिनामाटा उपसागरात कारखान्यातून सोडलेला पारा मासे आणि शिंपल्यांमार्फत कोळी कुटुंबांच्या ताटात पोचला होता. त्या आजाराची अधिकृत नोंद १९५६ मध्ये झाली. आपल्याकडे किनारी प्रदूषणाच्या नियमित मोजणीचा केंद्र सरकारचा कार्यक्रम १९९१ मध्ये सुरू झाला. गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि तिचे मुंबईतले प्रादेशिक केंद्र यांनीही कोकणच्या खाड्यांवर बरेच काम केले आहे. हा लेख मात्र महाविद्यालयांचे रसायनशास्त्र व प्राणिशास्त्र विभाग, मच्छीमार सहकारी संस्था आणि खाडीकाठच्या जाणत्या मंडळींसाठी आहे. मर्यादित पैशांत, पण टिकेल असे काम कसे करावे, हे त्यांना कळावे हा हेतू.

अशा पाहण्या बहुधा नमुने घेताना किंवा यंत्राच्या चुकीने फसत नाहीत. आलेला आकडा कशाशी ताडून पाहायचा हे आधी ठरवलेले नसते, म्हणून त्या फसतात. पुढची प्रत्येक पायरी याच एका गोष्टीभोवती फिरते.

आधी प्रश्न, मग पिशवी

तीन वेगवेगळे प्रश्न लोक एकाच दमात विचारतात. या खाडीतल्या तिसऱ्या खाव्यात का? कारखान्यांचे उत्सर्ग वाढले आहेत का? खाडीतल्या जिवांना इजा होत आहे का? पहिल्या प्रश्नासाठी लोक ज्या आकाराच्या आणि ज्या जातीच्या तिसऱ्या खातात त्याच, जशा शिजवतात तशाच तपासाव्या लागतात. दुसऱ्यासाठी त्याच जागेवरचा, त्याच आकाराचा नमुना वर्षानुवर्षे घ्यावा लागतो. तिसऱ्या प्रश्नासाठी नुसते रसायन पुरत नाही. तळातल्या किड्यांची आणि शंखांची गणतीही करावी लागते. एकाच नमुन्यातून तिन्ही उत्तरे काढू गेल्यास एकही नीट मिळत नाही. कागदावर एका वाक्यात प्रश्न लिहिता येत नसेल, तर चिखलात उतरू नये.

त्यानंतर काय मोजायचे ते ठरवावे. औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांना प्रदूषण नियंत्रण मंडळाने दिलेल्या संमतीपत्रांत उत्पादनांची नावे असतात. ती वाचून यादी करावी. इलेक्ट्रोप्लेटिंग असेल तर निकेल, क्रोमियम, जस्त, कॅडमियम. रंग आणि रंगांचे मध्यस्थ पदार्थ असतील तर तांबे, क्रोमियम आणि सेंद्रिय संयुगे. पाऱ्याच्या सेलवर चालणारा जुना क्लोर-अल्कली (मिठापासून क्लोरीन आणि कॉस्टिक सोडा करणारा) कारखाना कधीकाळी असेल तर पारा, मग तो कारखाना आज बंद असला तरी. गोदी आणि जहाजदुरुस्तीच्या जागी तांबे आणि ट्रायब्युटिलटिन पाहावे. जहाजांच्या रंगातल्या या टिनच्या संयुगामुळे शंखांच्या माद्यांना नराचे अवयव फुटतात. त्यावरच्या आंतरराष्ट्रीय बंदीचा करार २००१ मध्ये झाला आणि २००८ पासून लागू झाला, तरी जुन्या गोदींच्या गाळात ते अजून सापडू शकते. तेलाच्या शंकेसाठी बहुवलयी सुगंधी हायड्रोकार्बन, म्हणजे तेलातली अनेक कड्यांची कार्बन-संयुगे, मोजतात. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबई बंदराबाहेर एमएससी चित्रा आणि खलिजिया ही जहाजे आदळून तेल सांडले होते; अशा घटनेनंतर पहिल्याच आठवड्यात एक नमुना गोठवून ठेवला असला तर पुढच्या सगळ्या तुलनांना आधार मिळतो.

सगळे धातू मोजण्याचा मोह टाळता आला तर बरे. पाच गोष्टी नीट मोजलेल्या पंचवीस गोष्टी कशाबशा मोजण्यापेक्षा बऱ्या. मात्र ॲल्युमिनियम यादीतून कधीही वगळू नये. तो प्रदूषक नाही, पण पुढे हिशेब त्याच्यावरच होणार आहे.

जागा आणि वेळ

एका खाडीसाठी किमान पाच जागा हव्यात: भरतीचे पाणी पोचते त्याच्या वर नदीत एक, सांडपाणी जिथे सोडतात त्याच्या जवळ एक, खाडीच्या मध्यभागी चिखल साचतो तिथे एक, मुखाजवळ एक आणि जिथे कारखाने नाहीत अशा शेजारच्या खाडीत एक. ही शेवटची संदर्भाची जागा सर्वांत महत्त्वाची आणि नेमकी तीच बहुतेक जण गाळतात. ती निवडताना खडक तोच असावा. रायगडातल्या बेसॉल्टवरून येणाऱ्या खाडीची तुलना दक्षिण सिंधुदुर्गातल्या ग्रॅनाइट-नाइसच्या मुलखातल्या खाडीशी करणे म्हणजे खडकाचा फरक प्रदूषण म्हणून मांडणे.

खाडीच्या मध्यभागी गोडे आणि खारे पाणी मिसळते तिथे चिकणमाती पटापट बसते. त्यामुळे तिथे धातू जास्त दिसतात, जवळ कारखाना असो वा नसो. सांडपाण्याच्या नळाच्या तोंडाशी मात्र प्रवाह जोरात असल्याने नुसती वाळू मिळू शकते, आणि वाळूत धातू कमी असल्याने नळ निर्दोष वाटतो. हे दोन्ही भास टाळण्याची युक्ती पुढे दिली आहे. जागा निवडताना तिथे चिखल आहे की वाळू, एवढी नोंद तरी करावी.

वेळ वर्षातून दोनदा, एकदा एप्रिल-मेमध्ये आणि एकदा नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये. पावसाळ्यात नद्या डोंगरची लाल माती आणतात आणि खाडीतला जुना गाळ तिच्यात मिसळून विरळ होतो, म्हणून पावसाळ्यानंतरचा आकडा खाली येतो. त्यावरून कारखाने सुधारले असे अनुमान काढू नये. दर वर्षी तेच महिने आणि शक्यतो उधाणाच्या (अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या) ओहोटीचेच दिवस धरावेत, कारण भांगाच्या (अष्टमीच्या आसपासच्या) दिवसांत खालचा चिखल उघडा पडत नाही. प्रत्येक जागी पाण्याची क्षारता मोजून लिहावी. क्षारता कमी असली की क्लोराइडच्या बंधनातून कॅडमियम अधिक सुटा होतो आणि शिंपले तो जास्त घेतात.

ठाणे खाडीचा पश्चिम भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे. तिथे आणि कांदळवनात नमुने घेण्यापूर्वी वनखात्याची, म्हणजे कांदळवन कक्षाची, लेखी परवानगी काढावी. शिवाय तिसऱ्या काढणाऱ्या मावशींना आधी भेटावे. कुठली जागा भरावाची आहे, कुठे सक्शन पंपाने रेती उपसली, कुठे तिसऱ्यांना 'रॉकेलचा वास' येतो, हे त्यांना नकाशापेक्षा जास्त ठाऊक असते. त्यांच्याबरोबर आणि भरतीचे वेळापत्रक पाहूनच चिखलात उतरावे. एकट्याने कधीही नाही.

गाळ कसा काढावा

ओहोटीत उघड्या पडणाऱ्या चिखलावर प्लास्टिकचा चमचा किंवा फावडी पुरते. होडीतून काढायचा असेल तर व्हॅन व्हीन नावाचा जबडा वापरतात. तो लोखंडी असल्याने जबड्याला लागलेला गाळ सोडून आतला मधला भागच घ्यावा. वरचा फक्त दोन सेंटिमीटरचा थर घ्यावा, कारण अलीकडचे त्याच्यातच असते. एका जागी दहा-पंधरा मीटरच्या परिसरातून पाच ठिकाणचा गाळ घेऊन एकत्र करावा आणि असे तीन स्वतंत्र मिश्र नमुने करावेत. तीन नमुन्यांतला फरक हाच त्या जागेचा नैसर्गिक चढउतार, आणि तो ठाऊक नसेल तर दोन जागांतला फरक खरा आहे की नाही हे कधीच सांगता येत नाही.

धातूंसाठीचा गाळ पॉलिथिनच्या नव्या पिशवीत किंवा दहा टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर बुडवून धुतलेल्या डब्यात घ्यावा. सेंद्रिय संयुगांसाठीचा गाळ काचेच्या गडद बरणीत घ्यावा, आणि तिचे झाकण भट्टीत तापवून निर्जंतुक व निस्तैल केलेल्या ॲल्युमिनियम फॉइलने झाकावे. या दोन भांड्यांची अदलाबदल करू नये: प्लास्टिकमधून सेंद्रिय द्रव्ये गाळात उतरतात आणि फॉइलमधून ॲल्युमिनियम. बर्फाच्या पेटीत ठेवून संध्याकाळपर्यंत फ्रीझरमध्ये पोचवावा. वाळवताना पाऱ्यासाठीचा भाग चाळीस अंशांच्या वर तापवू नये, नाहीतर मोजायच्या आधीच पारा उडून जातो. फ्रीझ-ड्रायर (गोठवून वाळवणारे यंत्र) मिळाला तर उत्तम.

मग चाळणी. धातू चिकणमातीला चिकटतात, म्हणून वाळूची जागा आणि चिखलाची जागा यांची थेट तुलना व्यर्थ आहे. गाळ त्रेसष्ट मायक्रॉनच्या नायलॉनच्या चाळणीतून त्याच जागच्या थोड्या पाण्याने धुऊन काढावा आणि खाली आलेला बारीक भाग मोजावा. पितळी किंवा पोलादी चाळणी टाळावी. बारीक भाग किती टक्के निघाला तेही लिहावे.

जुना काळ पाहायचा असेल तर पीव्हीसीचा नळ चिखलात दाबून गाभा काढतात, तो एक-एक सेंटिमीटरने कापतात आणि शिसे-२१० या किरणोत्सारी समस्थानिकावरून प्रत्येक थराचे वय ठरवतात. त्याचा अर्धायुकाल सुमारे बावीस वर्षे असल्याने शंभर-सव्वाशे वर्षांपर्यंतचे मोजता येते. अणुचाचण्यांतून आलेला सीझियम-१३७ सुमारे १९६३ च्या थरात शिखर दाखवतो, त्याचा पडताळ्याला उपयोग होतो. कोकणात मात्र 'एक सेंटिमीटर म्हणजे अमुक वर्षे' असा सरधोपट हिशेब चालत नाही. जुलै २००५ आणि जुलै २०२१ च्या महापुरांनी महाड-चिपळूणच्या खाड्यांत काही तासांत किती माती आणून टाकली असेल ते तिथल्या रहिवाशांना विचारावे. शिवाय खेकडे आणि किडे वरचे थर ढवळतात, आणि जिथे रेती उपसली तिथे इतिहासाची पाने फाटलेली असतात. गाभ्यासाठी न उपसलेली, कांदळवनाच्या कडेची शांत जागा निवडावी. त्याच गाभ्याचा सर्वांत खालचा, कारखान्यांच्या आधीचा थर आपल्याला पुढे लागणार आहे.

शिंपले: कोणते, किती, कसे

मुखाजवळच्या खडकांवर हिरवे शिंपले मिळतात, ज्यांना गोव्यात शिनाणे म्हणतात. खाडीच्या वाळूत तिसऱ्या आणि शिवल्या मिळतात, खडकांवर आणि कांदळवनाच्या मुळांवर कालवे. सगळ्या जागी जी जात मिळेल तीच एक निवडावी. जाती मिसळून सरासरी काढणे ही या कामातली सर्वांत मोठी आणि सर्वांत सर्रास होणारी चूक आहे. कालवे निसर्गतःच जस्त आणि तांबे प्रचंड साठवतात; स्वच्छ जागच्या कालवातही जस्त शिनाण्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त असते. शिनाणे उलट जस्त आणि काही प्रमाणात तांबे शरीरातून बाहेर टाकून पातळी राखतात, त्यामुळे त्यांच्यात जस्ताची वाढ सहसा दिसतच नाही. कॅडमियम, शिसे आणि पारा यांवर मात्र असा ताबा नसतो, म्हणून शिनाण्यांना पहारेकरी करायचे तर हे तीन धातू सर्वांत भरवशाचे.

आकारही एकच ठेवावा. शिनाण्यांसाठी पाच ते सहा सेंटिमीटर आणि तिसऱ्यांसाठी बाजारात विकतात तो आकार घ्यावा. मोठा शिंपला वयाने मोठा असतो आणि त्याने जास्त साठवलेले असते. एका मिश्र नमुन्यात किमान पंचवीस नग असावेत आणि असे तीन नमुने. प्रजननानंतर शिंपल्याचे मांस एकदम घटते, धातू तेवढाच राहतो आणि तीव्रता वाढल्यासारखी दिसते. हा भास ओळखण्यासाठी प्रत्येक वेळी मांसाचे वजन आणि कवचाची लांबी लिहावी. पुढे तीव्रतेऐवजी एका शिंपल्यातला एकूण धातू काढून पाहता येतो.

आमच्या पहिल्या फेरीतली एक गोष्ट सांगतो. तिसऱ्या किनाऱ्यावरून आणायला जी बादली घेतली ती जस्ताच्या मुलाम्याची होती. तीन जागांच्या तिसऱ्यांत जस्त एकसारखे चढलेले पाहून आम्ही दोन दिवस मोठ्या शोधाच्या आनंदात होतो. नंतर प्रयोगशाळेतल्या मुलीने बादली कशाची होती एवढेच विचारले, आणि जस्ताचा सगळा रकाना खोडावा लागला.

घरी तिसऱ्या आणल्या की वाळू सोडायला रात्रभर पाण्यात ठेवतात. पाहणीत हेच करायचे की नाही, हे सुरुवातीला ठरवलेल्या प्रश्नावरून ठरते. पर्यावरणाची पाहणी असेल तर स्वच्छ समुद्रपाण्यात चोवीस तास ठेवावे, नाहीतर आतड्यातला गाळच मांस म्हणून मोजला जातो. खाण्याच्या सुरक्षिततेची पाहणी असेल तर स्वयंपाकघरात जसे करतात तसे करावे, त्याहून जास्त नाही. अशा भिजवण्याने वाळू आणि काही जंतू जातात. मांसात मुरलेला कॅडमियम किंवा शिसे एका रात्रीत जात नाही, त्याला आठवडे किंवा महिने लागतात. तिसऱ्या भिजवल्या म्हणजे धुतल्या गेल्या, या समजुतीचे निरसन करणे हे या कामातले एक उपफळ आहे.

जिथे शिंपले उरलेच नाहीत, तिथे स्वच्छ किनाऱ्यावरचे शिनाणे नायलॉनच्या जाळीच्या पिशवीत घालून टांगतात आणि साठ ते नव्वद दिवसांनी काढतात. सुरुवातीचे पंचवीस नग त्याच दिवशी गोठवून ठेवावेत, कारण फरक त्यांच्याशी ताडायचा आहे. हा प्रयोग नोव्हेंबर ते मे याच काळात करावा. पावसाळ्यात खाडी गोडी झाली की शिनाणे प्रदूषणाने नव्हे, नुसत्या गोड्या पाण्याने मरतात आणि आपण कारखान्यावर खापर फोडतो.

प्रयोगशाळेला काय विचारावे

प्रयोगशाळेकडे एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता आहे एवढ्यावर थांबू नये. मान्यतेच्या यादीत सागरी गाळ आणि मासे-शिंपले हे प्रकार आहेत का, ते पाहावे. पुष्कळ प्रयोगशाळा फक्त पाण्यासाठी मान्य असतात. गाळ कोणत्या आम्लात विरघळवणार हे विचारावे. अक्वा रेजिया म्हणजे नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक यांचे मिश्रण वाळूतले सिलिकेट फोडत नाही. हायड्रोफ्लोरिक आम्लाने सगळे विरघळते. दोन्ही पद्धती चालतात, पण एका वर्षी एक आणि दुसऱ्या वर्षी दुसरी वापरली तर पाहणीच मोडते. ज्यांना थोडा जास्त खर्च परवडतो त्यांनी त्याच गाळावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने निघणारा भागही मोजावा. खडकाच्या खनिजांत अडकलेले क्रोमियम-निकेल त्यात येत नाही, बाहेरून येऊन चिकटलेले येते.

प्रत्येक खेपेबरोबर एक प्रमाणित संदर्भ पदार्थ (ज्यातले धातू किती ते आधीच ठाऊक आहे), एक कोरा नमुना (ज्यात गाळ वा मांस घातलेलेच नाही) आणि दर दहा नमुन्यांमागे एक दुबार नमुना असलाच पाहिजे. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेचे मेस आणि पॅक्स हे गाळाचे संदर्भ पदार्थ बऱ्याच प्रयोगशाळांत असतात. संदर्भ पदार्थाचा आकडा ऐंशी ते एकशेवीस टक्क्यांत आला नाही तर बाकीचे सगळे परत मागावे, मग अहवालावर कितीही शिक्के असोत. 'आढळले नाही' असे उत्तर आले तर शोधमर्यादा, म्हणजे यंत्राला दिसू शकणारी सर्वांत कमी पातळी, किती होती ते लिहून घ्यावे, कारण शोधमर्यादाच मोठी असेल तर आढळले नाही याला अर्थ नसतो. हातात धरायचे एक्सआरएफ (क्ष-किरणांनी धातू ओळखणारे) यंत्र कुठे जास्त नमुने घ्यावेत हे ठरवायला छान आहे. कमी पातळीवरचा पारा किंवा कॅडमियम त्याने मोजू नये.

आकडा कशाशी ताडायचा

समजा, एखाद्या खाडीच्या बारीक गाळात तांबे १८० मिलिग्रॅम प्रति किलो आणि ॲल्युमिनियम ७.५ टक्के निघाले. हा आकडा केवळ समजावण्यासाठी आहे. पुस्तकांत बहुतेक वेळा तुलनेसाठी टुरेकियन आणि वेडेपोल यांनी १९६१ मध्ये दिलेली शेल, म्हणजे चिकणमातीपासून बनलेल्या, खडकाची सरासरी वापरतात. तिच्यात तांबे ४५ आणि ॲल्युमिनियम ८ टक्के आहे. समृद्धी गुणक म्हणजे संदर्भाच्या मानाने धातू किती पट आहे ते; ॲल्युमिनियमने भागल्याने चिकणमाती कमी-जास्त असल्याचा फरक निघून जातो. तो काढायचा तर नमुन्यातले तांबे भागिले ॲल्युमिनियम, याला संदर्भातल्या त्याच गुणोत्तराने भागावे. इथे १८० भागिले ७.५ म्हणजे २४. शेलचे ४५ भागिले ८ म्हणजे ५.६, उत्तर ४.३. एवढ्यावर 'खाडी तांब्याने प्रदूषित' अशी बातमी छापून येऊ शकते.

पण कोकणाचा बराचसा भाग दख्खनच्या बेसॉल्टचा आहे आणि बेसॉल्टमध्ये मुळातच तांबे, क्रोमियम, निकेल जास्त असते. समजा, आपल्याच गाभ्याच्या तळातल्या थरात तांबे १२० आणि ॲल्युमिनियम ८ टक्के निघाले. मग संदर्भाचे गुणोत्तर १५ होते आणि गुणक १.६. तोच गाळ, तीच प्रयोगशाळा. बदलली ती फक्त ताडण्याची पट्टी. म्युलरचा भूसंचय निर्देशांक (धातूचा आकडा संदर्भाच्या दीडपटीशी ताडणारे दुसरे मोजमाप) काढला तरी तसेच: शेलच्या पट्टीवर १.४, स्वतःच्या पट्टीवर शून्य. यामुळेच वर संदर्भाच्या खाडीवर आणि गाभ्याच्या तळावर इतका जोर दिला आहे.

अमेरिकेत १९९५ मध्ये लाँग आणि सहकाऱ्यांनी दिलेल्या जैविक परिणामांच्या पातळ्या अहवालांत हमखास दिसतात. त्यांची खालची पातळी, म्हणजे जिच्याखाली जिवांना इजा क्वचितच दिसते ती, निकेलला २०.९, तांब्याला ३४, शिशाला ४६.७, कॅडमियमला १.२ आणि पाऱ्याला ०.१५ मिलिग्रॅम प्रति किलो अशी आहे. बेसॉल्टच्या मुलखात एकही कारखाना नसलेल्या खाडीचा गाळही निकेल आणि तांब्याची ही पातळी सहज ओलांडतो. म्हणून या दोन धातूंसाठी ती पट्टी बाजूला ठेवावी. पारा, कॅडमियम आणि शिसे यांना हा आक्षेप लागू नाही. बेसॉल्टमध्ये ते थोडेच असतात, आणि त्यांची वाढ दिसली तर ती गांभीर्याने घ्यावी.

गोव्यात आणखी एक फेरा आहे. काही अभ्यासक ॲल्युमिनियमऐवजी लोखंडाने भागतात. मांडवी आणि जुवारी नद्यांतून दशकानुदशके लोहखनिजाचे बार्ज गेले, तिथल्या गाळात लोखंड स्वतःच प्रदूषणाचा भाग आहे. त्याने भागले की प्रदूषण जितके जास्त तितका गुणक लहान. तिथे ॲल्युमिनियम किंवा लिथियमच वापरावे.

शिंपल्यांत सर्वांत मोठा गोंधळ ओल्या आणि कोरड्या वजनाचा होतो. संशोधनाचे आकडे कोरड्या वजनावर असतात, अन्नाच्या मर्यादा ओल्या वजनावर. शिंपल्याच्या मांसात ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणी असते, म्हणजे दोन आकड्यांत पाचपट फरक. प्रयोगशाळेने कॅडमियम कोरड्या वजनावर ४ मिलिग्रॅम प्रति किलो दिले आणि पाणी ८२ टक्के असेल, तर ओल्या वजनावर ते ०.७२ होते. युरोपीय संघाची द्विपुटी शिंपल्यांसाठी मर्यादा १ आहे, कोडेक्सची (आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची) सागरी शिंपल्यांसाठी, कालवे आणि स्कॅलप सोडून, २. म्हणजे ४ हा आकडा १ शी ताडून घबराट पसरवणे चुकीचे.

इथे बरेच अहवाल थांबतात, पण खाडीकाठच्या घरांसाठी थांबू नये. बाजाराची मर्यादा सरासरी ग्राहकासाठी असते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व आरोग्य तज्ज्ञ समितीने २०१० मध्ये कॅडमियमचे सहन होण्यासारखे मासिक प्रमाण वजनाच्या दर किलोमागे २५ मायक्रोग्रॅम ठरवले. पन्नास किलो वजनाच्या बाईसाठी ते महिन्याला १२५० होते. तिसऱ्यांत दर ग्रॅममागे ०.७२ मायक्रोग्रॅम असेल तर सुमारे पावणेदोन किलो मांसात ते संपते. स्वतः तिसऱ्या काढणाऱ्या घरात हंगामात रोज साठ ग्रॅम मांस पोटात जाणे अवघड नाही, आणि महिन्याचे ते १८०० ग्रॅम होतात, तेही भाताबरोबर येणारा कॅडमियम न धरता. मर्यादेच्या आत असलेला शिंपलाही अशा घराला जास्त पडू शकतो. म्हणून पाहणीबरोबर पंधरा-वीस घरांत आठवड्याला किती तिसऱ्या खाल्ल्या जातात हे विचारून घ्यावे. त्याला प्रयोगशाळेचा खर्च नाही.

नोंद आणि पुरावा

प्रत्येक पिशवीवर जागेचा जीपीएस, तारीख, ओहोटीची वेळ, क्षारता आणि घेणाऱ्याची सही असावी. पेन्सिलीने लिहिलेला दुसरा कागद वेगळ्या छोट्या पिशवीत घालून आत ठेवावा, कारण बाहेरची शाई चिखलात पुसतेच. नमुना कोणी कोणाकडे कधी दिला याचा तक्ता करावा आणि त्यावर गावातल्या दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. जल प्रदूषण कायदा १९७४ च्या कलम २१ मध्ये सांडपाण्याचा नमुना मंडळाच्या अधिकाऱ्याने कारखानदाराला नोटीस देऊन, दोन भाग करून, सीलबंद करून घ्यायचा असतो. नळाच्या तोंडाशी आपण भरलेली बाटली न्यायालयात त्या अर्थाने पुरावा ठरत नाही. गाळ आणि शिंपल्यांच्या पाहणीचे वजन वेगळ्या प्रकारचे आहे. नीट राखलेली नोंद दाखवून मंडळाकडे स्वतंत्र नमुने घेण्याची मागणी करता येते, आणि पुण्याच्या राष्ट्रीय हरित लवादापुढे तज्ज्ञ समितीची मागणी करताना ती उपयोगी पडते. अहवालात कारखान्याचे नाव घेण्यापूर्वी वरच्या जागेचा, नळाजवळचा, खालचा आणि संदर्भाचा असे चारही आकडे एका ओळीत मांडून पाहावेत. ते एका दिशेने बोलत नसतील तर नाव घेऊ नये.

निष्कर्ष गावात सांगताना 'खावे' किंवा 'खाऊ नये' एवढ्यावर थांबू नये. कुठल्या जागच्या, कुठल्या जातीच्या तिसऱ्या, आठवड्यातून किती, आणि गरोदर बायका व लहान मुलांनी किती, असे सांगावे. तिसऱ्या विकून घर चालवणाऱ्या बाईला एक पर्यायी जागा सांगता आली तर तिचे ऐकून घेण्याची शक्यता वाढते.

मोजून उरलेला गाळ आणि गोठवलेले मांस फेकू नये. वाळवलेला गाळ काचेच्या छोट्या बाटल्यांत, सील करून, अंधाऱ्या कपाटात वर्षानुवर्षे टिकतो. आज ज्या रसायनाचे नाव आपल्याला माहीत नाही ते दहा वर्षांनी कोणी मोजू लागले, तर नोव्हेंबरातल्या उधाणाच्या ओहोटीला भरलेली ही बाटली त्याला लागेल. तिच्यावरची चिठ्ठी तेवढी वाचता आली पाहिजे.